फ्रीजला लावलेली सलाईन

वैशाखातली सकाळ होती. ऊन अजून गल्लीत उतरलं नव्हतं, पण कालची धग स्लॅबनं रात्रभर धरून ठेवलेली, आणि वाऱ्याचं म्हणाल तर दारापुढच्या लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. पुंडलिकनगरच्या मागच्या अंगाच्या त्या गल्लीत पहिली बादली वाजली ती सारजाबाईच्या दारात. आठवड्यानं नळाची पाळी आली होती. पाळीच्या दिवशी या गल्लीत देवाला दिवा नंतर लागतो, आधी मोटार लागते.

सारजाबाईनं ड्रम भरला, हंडे भरले, कळशी भरली, मग पातेली, तांबे, रिकाम्या झालेल्या सरबताच्या बाटल्या. एका हातात पाईप आणि एक पाय झोळीच्या दोरीत. झोळीत नात, राजनंदिनी. नाव मोठं आणि पोर अजून पालथीसुद्धा धड पडत नव्हती. सून सायली पहाटेच ड्युटीला गेली होती. ती एका खासगी दवाखान्यात नर्स. मुलगा गोकुळ टेंपोवर, नाशकाकडं माल घेऊन गेलेला. घरात आजी, नात आणि पाणी.

घरोघरच्या मोटारी एकदम चालू झाल्या तशी ट्यूबलाईट मलूल झाली. भरलेल्या बाटल्या फ्रीजात ठेवायला सारजाबाईनं दार उघडलं आणि तिचा हात तसाच थांबला. दिवा लागला होता, पण तोंडावर गारवा आला नाही. एखादं कपाट उघडावं तसं झालं. वरच्या खणातून, बर्फाच्या खणातून, टक टक टक असा आवाज येत होता. त्या खणाच्या दारातून पाण्याचा एक थेंब घरंगळत खाली आला आणि तिच्या पायाच्या बोटावर पडला.

"व्होल्टेज नसंल," ती झोळीकडं बघून म्हणाली. मोटारी बंद होईस्तोवर तिनं दम धरला. मोटारी बंद झाल्या, ट्यूब परत झगझगीत झाली, फ्रीज मात्र तसाच कोमट. मग तिनं वरचं दार उघडलं आणि आतल्या पिशव्यांना हात लावला. वरच्या दोन पिशव्या पार मऊ लागल्या.

सारजाबाईनं वरचं दार झटकन लावून टाकलं. कारण त्या पिशव्यांत दूध होतं, सायलीचं.

बाळंतपणाची रजा संपायच्या आधी महिनाभर सायली पहाटे उठून, छोट्या पंपानं दूध काढून, पिशव्यांत भरून, वर तारीख घालून गोठवत होती. चपट्या, वहीच्या पुठ्ठ्यासारख्या पिशव्या एकीवर एक. ड्युटी चालू झाली की लेकराला दिवसभर हेच पुरवायचं होतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा सारजाबाईनं तोंडाला पदर लावला होता.

"म्हशीचं ठेवतेत, ते समजलं. मान्साचं बी ठेवायचं?"

"आई, आमच्याकडं कमी वजनाची लेकरं याच्यावरच जगतेत."

सारजाबाईनं तोंडावरचा पदर खाली घेतला. तिला फुलंब्रीकडचं आपलं गाव आठवलं होतं. गोकुळ तान्हा होता, आणि ती दुसऱ्याच्या कपाशीत खुरपायला जायची. मुकादम दुपारशिवाय सोडत नसे. घरी गोकुळ सासूच्या मांडीवर गुळाच्या पाण्यावर रडायचा आणि इकडं हिचा पदर भिजून जायचा. दुखायला लागलं की बांधाआड जाऊन पिळून टाकायचं. भुईवर पांढरा डाग पडायचा आणि लगेच मुंग्या जमायच्या. नवरा कडूबा तेव्हा म्हणायचा, आपल्याच्यानं दुसरं काय होणार? कडूबा बिचारा पुढं शहरात वॉचमन झाला, या दोन खोल्या बांधल्या आणि त्यात चार दिवाळ्या बघून गेला.

त्या दिवशी सायलीच्या त्या पिशव्या बघून सारजाबाई एवढंच म्हणाली, "मपलं मातीनं पिलं, लेकरानं नाय. तू जा कामावर. लेकराचं अन् दुधाचं मपल्याकडं."

सायलीला कामावर रुजू होऊन दहा-बारा दिवस झाले होते. तिथं रजेवरून आलेल्या बाईकडं सगळे डोळे लावून असतात. दोन खाडे झाले की, घरी लेकराकडं बघा ना, असं गोड बोलून वाट दाखवतात. दूध गेलं तर सायली घरी बसणार, हे सारजाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि, दुधाचं मपल्याकडं, हा शब्द तिनं स्वतःच्या तोंडानं दिला होता.

सायलीनं शिकवलेलं तिला पाठ होतं. पिशवी दाबली आणि आत बर्फ कचकचला तर परत गोठवता येतं. पार पाणी झालं की नाही. ते दिवसभरात पाजायचं, नाहीतर फेकायचं. तिनं एकेक पिशवी दाबून बघितली. वरच्या दोन गेल्या होत्या. बाकीच्या कडेनं मऊ, पोटात कचकच.

म्हणजे अजून वेळ होता, फार नव्हता.

सायलीला फोन लावायचा नाही, हे तिनं आधी ठरवलं. पोरगी धावत येईल आणि तोच खाडा पडेल. गोकुळला लावला. गोकुळ म्हणाला, "आई, तू हात लावू नको, शॉक बसंल."

"मंग कोन हात लावील? तू नाशकाहून हात लांब करतो का?"

"मिस्त्रीला बोलाव ना."

गारखेड्याचा सुदर्शन मिस्त्री मागं एकदा स्टॅबिलायझर बसवायला आला होता, त्याचा नंबर होता. त्यानं फोन उचलला तेव्हा मागं हातोडी वाजत होती.

"मावशी, ह्या उन्हात सगळ्या गावाचे फ्रीज एकदमच मरायलेत. परवाच्याला येतो."

"परवा लई उशीर व्हतो रे. लेकराचं दूध हाय त्यात."

"पिशवीचं आणा ना मावशी दूध. चौकात मिळतं."

"आरं, आईचं हाय! सूनबाईनं काढून ठेवलेलं."

फोनवरची हातोडी थांबली. "फोन फ्रीजजवळ धरा," सुदर्शन म्हणाला. "वरचं दार लावा अन् आवाज ऐकवा."

तिनं फोन धरला. टक टक टक.

"पंखा बर्फाला घासायलाय. गॅस-बिस कायबी गेलेला नाय, मावशी. मागच्या पडद्याच्या आड बर्फ साचून भिंत झाली असंल. वाराच फिरंना, तर गार कसं व्हईल? पिन काढा. आतला मागचा प्लास्टिकचा पडदा स्क्रूवर असतो, तेवढा खोला. बर्फ वितळवा. पण सुरी लावू नका. उलथनं लावू नका. कायबी टोकदार लावू नका. आतली नळी फुटली की मग खरंच गॅस जातो अन् फ्रीजबी."

"मला जमंल का रे?"

"कुकरचं झाकण काढता ना, मावशी? मग जमंल. तारा ताणू नका फक्त. मधी फोन करा."

पिन काढायच्या आधी दुधाची सोय बघायची होती. सारजाबाई शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यावर चंपाबाईकडं गेली. चंपाबाईचा फ्रीज मोठा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पदर सावरत म्हणाली, "दिलं असतं हो. पण आमच्यात नैवेद्याचं असतं फ्रीजात. सासऱ्यांना चालायचं नाय. तुम्ही राग मानू नका."

"राग कशाचा," म्हणून सारजाबाई खाली उतरली. राग आला होता, पण राग धरायला हात मोकळे नव्हते.

मग ती समोर जमिलाच्या दारात गेली. जमिलाचा नवरा गयास याचं शिवणकामाचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. मशीन चालू होतं. जमिला लसूण-आलं वाटत होती. दुसऱ्या दिवशी तिची लेक अदीबा सासरच्या माणसांना घेऊन जेवायला येणार होती, आणि बरोबर तिचं लेकरू, हारिस.

"ठैरो ना बाई, जगा करती मैं," जमिलानं ऐकता ऐकताच फ्रीजरचं दार उघडलं. बर्फाचे दोन ट्रे, कुल्फीचे साचे, मटाराची पिशवी, सगळं भराभर बाहेर काढलं. "फक्त एक हाय. मगरिबला गोश्त येईल. पंधरा माणसाचं. तवर ठेवा."

"दिवस मावळायच्या आत नेते भाबी."

"आणि वर मोठ्या अक्षरात लिहा कुणाचं ते. आमच्यात दूध पिलं की नातं लागतं, बरं. चुकून हारिसच्या पोटात गेलं तर तुमची राजनंदिनी त्याची दूधबहीण. मग दोघांचं लगीन जमायचं नाय."

"तसं बी कुठं जमनार व्हतं, भाबी?"

जमिला वाटणाच्या हातानंच कपाळ झाकून हसायला लागली. दुकानातून मशीन थांबवून गयासभाई म्हणाले, "राखी तो बांधेगी ना? ओवाळणी मेरी तरफ से."

पिशव्या जमिलाच्याच स्टीलच्या डब्यात घालून तिच्या फ्रीजरात गेल्या. निघताना सारजाबाईनं पेचकस मागितला. घरातला कडूबाचा पेचकस जाडजूड, दाराच्या बिजागऱ्यांचा. गयासभाईंनी शिलाई मशीनचा बारीक पेचकस काढून दिला. जमिला दारापर्यंत आली.

"चाकू नक्को लगाना हां. मी लावला होता मागच्या फ्रीजला, गोश्त निघंना म्हणून. फुस्स झालं अन् खलास. आता त्यात शेवया ठेवते."

सारजाबाईनं पिन काढली. लेकराला वाटी-चमच्यानं दूध पाजलं, त्या दोन वितळलेल्या पिशव्यांपैकी एकीतलं, कोमट पाण्यात वाटी धरून. दुसरी पिशवी जमिलाच्या फ्रीजात खालच्या खणात होती. लेकरू झोपलं. मग तिनं पदर खोचला, स्टूल ओढलं आणि वरचा खण पूर्ण रिकामा केला.

पडद्यावर स्क्रू दिसत नव्हते. बराच वेळ ती हातानं चाचपत राहिली. शेवटी एका कोपऱ्यात बटणाएवढी टोपी नखाला लागली. ती काढली तर खाली स्क्रू. मग बाकीच्या टोप्या सापडल्या. मशीनचा पेचकस असा बसला की जणू ह्याच्यासाठीच घडवलेला. स्क्रू निघाले, पण पडदा हलेना. बर्फानं धरून ठेवलेला. तिनं गरम पाण्यात फडकं पिळून कडेनं शेकवलं, बाळंतिणीची पाठ शेकावी तसं. तिसऱ्यांदा शेकल्यावर पडदा करकरला आणि सुटला. मागं तारांचा जुडगा होता. तिनं तो ताणला नाही. पडदा तसाच एका अंगाला टेकवून ठेवला.

आणि मग ती बघत राहिली. पडद्यामागं पांढरी भिंत. नळ्या नाहीत, काही नाही, नुसता बर्फ, पंख्याच्या पात्यापर्यंत आलेला. बाहेर गल्लीत उन्हानं कुत्रं जीभ काढून नालीत बसलं होतं आणि हिच्या घरात ही हिमालयाची फाळी.

तिच्या हाताला उलथनं लागलं होतं. कधी उचललं ते तिलाच कळलं नव्हतं. तिनं ते परत ओट्यावर ठेवलं आणि गॅसवर पातेलं चढवलं.

कढत पाण्याचं पातेलं फ्रीजरात ठेवायचं, दार लावायचं, पाणी निवलं की दुसरं. खाली परात, परातीखाली पोतेरं. मधूनमधून झोळीला झोका. पहिल्या पातेल्यानं काही झालं नाही. दुसऱ्यानं भिंत घामेजली. मग वरचा एक तुकडा धपकन परातीत पडला, तसं लेकरू दचकून रडायला लागलं आणि सारजाबाई हसायला लागली. "आगं, पडला पडला! रडती काऊन? तुपलाच मार्ग मोकळा व्हायलाय."

तिला नवल वाटत होतं ते वेगळंच. आजवर या फ्रीजला तिनं पाहुण्यासारखं वागवलं होतं. दसऱ्याला गोकुळ-सायलीनं घरी आणला तेव्हा तिनंच हळदकुंकू लावलं होतं. दार हळू लावायची, वर विणलेला रुमाल टाकायची, पोटात काय यंत्र आहे ते कधी विचारलं नव्हतं. आज त्याच्या पोटात कोपरापर्यंत हात होता. चार घरची धुणीभांडी करताना लोकांच्या घरचे फ्रीज तिनं बाहेरून लई पुसले होते. आतून बघितलेला हा पहिलाच.

दुपार कलेपर्यंत भिंत गेली. पातळ पत्र्यांच्या ओळी आणि त्यातून वळणं घेत गेलेली नळी उघडी पडली, धुतलेल्या फणीसारखी. खाली एक पन्हळ होती आणि पन्हळीच्या मधोमध एक भोक, अजून बर्फानं बुजलेलं. तिनं सुदर्शनला फोन लावला.

"त्याच भोकातनं पाणी मागं खाली जातं, मावशी. ते बुजलं की पाणी तिथंच साचतं, अन् साचलं की गोठतं. गरम पाणी सोडा त्यात."

सायलीच्या कपाटात बिनसुईची मोठी सिरिंज होती. सारजाबाईनं कढत पाणी ओढून भोकात सोडलं. बर्फाचा खडा विरघळला, वर आला. पण पाणी खाली जाईना. पुन्हा सोडलं. भोक तुडुंब. पुन्हा. पाणी पन्हळीत तसंच उभं.

"जाईना रे बाबा."

"मागून बघा. जिथनं पाणी खाली ट्रेमधी पडतं, तिथं काय अडकलंय का?"

सारजाबाईनं फ्रीज भिंतीपासून ओढला, मागं वाकली आणि वाकलेलीच राहिली. कारण मागं ट्रेमध्ये पाणी पडतच नव्हतं. तिथं नळी होती. सलाईनची.

ही नळी गल्लीत गाजलेली. होळीच्या आसपास फ्रीजमागं झाडताना सारजाबाईला दिसलं होतं की फ्रीज रोज वाटीभर पाणी टाकतो आणि ते ट्रेमध्ये आपोआप वाळून जातं. आठवड्यानं नळ येणाऱ्या गावात पाणी डोळ्यांदेखत वाळू देणं तिच्या जिवाला लागलं. सायलीच्या पिशवीत मुदत गेलेला एक कोरा सलाईनचा सेट पडला होता. तिनं त्याची नळी कापली, फ्रीजच्या पाण्याच्या तोंडाला घातली, वरून एम-सील थापलं आणि दुसरं टोक तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये सोडलं. कॅनमधलं पाणी कढीपत्त्याला. गल्लीतल्या बाया बघायला आल्या होत्या. तिघी-चौघींनी आपापल्या फ्रीजला तशीच करून घेतली. चंपाबाईनं तर तिच्याकडूनच बसवून घेतली. गेल्या काही दिवसांत कॅन भरत नव्हता, ते सारजाबाईनं बघितलं होतं. तिला वाटलं, उन्हाळाय, वाळत असंल.

आता तिनं नळी उजेडात धरली. आत शेवाळासारखं तपकिरी काहीतरी दाटून बसलं होतं, बोटभर लांब. एवढीशी बारीक नळी, फ्रीजचं रोजचं धुळीचं, चिकट पाणी; ती बुजणारच होती.

"सापडलं का मावशी?" फोनवर सुदर्शन.

सारजाबाईनं नळी हातातून सोडली. मग तिनं सगळं सांगितलं, काही न झाकता.

पलीकडं हसण्याचा असा स्फोट झाला की झोळीतलं लेकरू हललं. "मावशी! लोकं आजारी मान्साला सलाईन लावतेत. तुम्ही धडधाकट फ्रीजला लावून त्याला आजारी पाडलं!"

"हस, हस. मपल्याच हातानं झालं."

"आता ती काढा. पाणी वाळतंय तर वाळू द्या. ते वाळायसाठीच ट्रे असतो. सगळं कोरडं करा, पडदा बसवा, मग पिन लावा. गार व्हायला वेळ लागंल, घाई करू नका."

"तुपले पैसे सांग."

"कशाचे? फोनवर हसलो त्याचे? परवा येऊन एकदा बघून जातो, तवा चहा पाजा."

एम-सील दगडासारखं झालं होतं. तिनं ब्लेडनं नळीच मुळापासून कापली आणि उरलेला तुकडा पकडीत धरून पिळला. तुकडा निघाला, आणि साचलेलं सगळं पाणी भडभडा तिच्या पायावर, लुगड्यावर, फरशीवर. गार पाणी. त्या उन्हात, त्या दिवशी, सारजाबाई ओल्या पायांनी तशीच उभी राहिली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

पन्हळ पुसली, पडदा बसवला, स्क्रू लावले, टोप्या लावल्या. एक टोपी सापडली नाही, ती राहिली. पिन लावली. घरघर झाली, आणि मग पंख्याचा नुसता गुणगुणता आवाज. टक टक नाही. तिनं एका वाटीत पाणी घालून फ्रीजरात ठेवलं, गोठतं का बघायला. मग ती दर थोड्या वेळानं उघडून बघायला लागली आणि दर वेळी स्वतःलाच रागावली, कारण उघडलं की गारवा जातो.

तिला एक गोष्ट टोचत होती. पदर झटकून ती वर चंपाबाईकडं गेली.

"ताई, तुमच्या फ्रीजमागची नळी काढा. आत्ताच्या आत्ता."

"का? काय झालं?"

"मपला फ्रीज तिनंच मारला व्हता. तुमचाबी मारील. मीच बसवली, मीच काढून देते. पकड आणलीय. बाकीच्यांच्या उद्या काढते."

चंपाबाई दारातून बाजूला झाली. मग नजर फ्रीजकडं वळवून म्हणाली, "सकाळी मी तुम्हाला..."

"राहू द्या ते. आधी फ्रीज ओढू लागा."

दोघी फ्रीजमागं वाकलेल्या असतानाच खालून सायलीची किंकाळी आली. "आई! आई, दूध कुठंय?"

सायली आली होती. रोजच्यासारखी चप्पल काढायच्या आधी फ्रीजर उघडायला गेली होती, आणि आत एक वाटी सोडून काहीच नव्हतं. सारजाबाई धडाधडा जिना उतरली, हातात पकड, तोंडाला धूळ. सायली दारात उभी, रंग उडालेला.

"हाय, हाय, दूध हाय. जमिलाभाबीकडं हाय. बस आधी."

सायली बसली नाही. अर्धं ऐकूनच ती समोर पळाली. जमिलाच्या स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात पंधरा माणसांचं गोश्त पातेल्यात येऊन पडलं होतं, वर ओलं फडकं घातलेलं, आणि गयासभाई त्याला पुठ्ठ्यानं वारा घालत होते. फ्रीजरात दुधाचा डबा जागच्या जागी.

"भाबी, तुमचं गोश्त बाहेर..." सायली पातेल्याकडं बघत म्हणाली.

"गोश्त आत्ताच आलं, अन् शिजवायचंच हाय. आज अर्धं शिजवते. बच्चे का दूध नहीं रखतूं तो क्या रखतूं?" जमिलानं डबा आणि खालच्या खणातली सुटी पिशवी तिच्या हातात दिली. "देख ले पैले, बेटी."

सायलीनं तिथंच, फरशीवर मांडी घालून, एकेक पिशवी बोटांत धरून दाबली. सारजाबाई दारात उभी. तिला सकाळपासून जेवण आठवलं नव्हतं आणि आताही ती पिशव्याच मोजत होती. पिशवी, पिशवी, पिशवी. 

"पाणी झालं का गं?"

"नाय आई." सायलीनं शेवटची पिशवी डब्यात ठेवली. "कडक हायेत. सगळ्या कडक हायेत. ही खालची एक तेवढी पातळ. ही रात्री पाजू."

मग ती रडली. जमिलानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि गयासभाई पुठ्ठा तसाच हातात घेऊन दुकानाच्या खोलीत निघून गेले.

घरी येऊन सारजाबाईनं फ्रीजर उघडला. वाटीतल्या पाण्यावर बोटानं टकटक केलं तर टणक लागलं. पिशव्या आत गेल्या. सायली स्टुलावर बसून पडद्याकडं, स्क्रूकडं, एका टोपीविना उघड्या राहिलेल्या भोकाकडं बघत होती.

"आई, हे तुम्ही खोललं?"

"मंग कोन? सुदर्शननं फोनवर सांगितलं. पेचकस गयासभाईचा. सिरिंज तुपली."

"मला फोन का नाय केला?"

"तू आली असती."

सायलीनं फ्रीजरचं दार हळूच लावलं. "दार उघडलं अन् रिकामं दिसलं ना," ती म्हणाली, "तर तेवढ्यात मी राजीनामा लिहूनबी टाकला मनातल्या मनात. उद्यापासून घरी बसायचं, असं."

"लिव्हला असंल तर पुसून टाक. उद्या सकाळची ड्युटी हाय ना?"

"हाय."

"मंग जा."

दिवेलागणीला सारजाबाई देवापुढं उभी राहिली. एरवी ती हात जोडून पटकन वळते, आज थांबली. तिला आभार मानायचं म्हटलं की शब्द सुचत नाहीत, नावं सुचतात. तिनं नावं घेतली. जमिलाभाबीचं, गयासभाईंचं, त्या सुदर्शनचं, ज्यानं पैसे घेतले नाहीत. चंपाबाईचंही घेतलं, कारण ती फ्रीज ओढू लागली होती. थोडं थांबून कडूबाचं घेतलं. मग तिला त्या बांधावरच्या भुईची आठवण झाली, जिनं तेव्हा तिचं दूध पिऊन घेतलं होतं. तिचं काय करावं ते तिला समजेना. तिलाही नमस्कार केला.

जमिलाचा डबा परत करायचा होता. रिकामा कसा द्यायचा? गावाकडून आलेल्या कैऱ्या होत्या, त्यातल्या चांगल्या निवडून तिनं डब्यात भरल्या आणि सायलीला म्हणाली, "जा, देऊन ये. अन् पेचकस बी दे. रिकाम्या हातानं उभी राहू नको, अर्धं गोश्त चिरायचं असंल तर चिरू लाग."

"मी? गोश्त?"

"दवाखान्यात मान्सं शिवती की."

सायली हसत, डबा घेऊन गेली. झोळीत राजनंदिनी जागी होऊन छताकडं बघत मुठी चोखत होती. फ्रीज गुणगुणत होता. सारजाबाईनं ओट्याखालून लसणाची परडी ओढली, मांडीवर ताट घेतलं आणि रात्रीच्या ठेच्यासाठी एकेक पाकळी सोलायला बसली.